आहेराची अडतीस मिनिटे : किल्लारीच्या लग्नकॅसेटी आणि त्यांच्या डीव्हीडी

माझ्यापुढे टेबलावर एक डीव्हीडी आहे. तिच्यावर माझ्याच अक्षरात, निळ्या मार्करने ‘अक्काचे लग्न, किल्लारी, मे १९९२ – पूर्ण’ असे लिहिलेले आहे. त्यातला ‘पूर्ण’ हा शब्द खोटा आहे. मूळ कॅसेट दोन तास छत्तीस मिनिटांची होती, डीव्हीडी एक तास अठ्ठावन्न मिनिटांची आहे. मधली अडतीस मिनिटे २००६ साली मी माझ्या हाताने कापली. त्या मिनिटांत काय होते, ती कापावीशी का वाटली, आणि कॅसेटची नक्कल डीव्हीडीवर उतरवताना अशा कापाकापीला आम्ही ‘साफसफाई’ का म्हणत होतो, हे या लेखात तपासायचे आहे.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. मी चित्रपटाचा अभ्यासक नव्हे. दहावीनंतर आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला आणि लातूरला दुरुस्तीच्या दुकानात लागलो. टीव्ही-व्हीसीआरचे काम आटत गेले तसा एक पीसी घेतला आणि लोकांच्या कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून देऊ लागलो. पोथ्यांच्या नादी लागलो ते त्यानंतर, आणि तेही गुरूवाचून. जुन्या बाजारात मिळालेली पुस्तके, ग्रंथालयातले संशोधनपर अंक, एवढेच भांडवल. कॅसेट आणि पोथी या दोन गोष्टी एका लेखात आणणे कुणाला विचित्र वाटेल; माझ्या आयुष्यात त्या एकाच टेबलावर होत्या.

*

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते आणि पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना भूकंप झाला. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे. औसा आणि उमरगा या दोन तालुक्यांत सर्वाधिक हानी झाली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. नव्या गावांत रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत. घरे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची मिळाली. जुन्या गावात वेशीपासून आमच्या घरापर्यंतची गल्ली कशी वळायची, हे नव्या गावात जन्मलेल्या मुलाला हवेत हात फिरवून सांगावे लागते.

भूकंपानंतरच्या किल्लारीची चित्रे उदंड आहेत. दूरदर्शन आले, वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार आले, परदेशी वाहिन्या आल्या, मदत घेऊन आलेल्या संस्थांनी आपापले चित्रण केले. भूकंपाआधीच्या किल्लारीची चित्रे मात्र फार थोडी. घराघरांतले फोटो पेटीत होते आणि पेट्या माळवदाखाली गेल्या. हलती चित्रे त्याहून कमी. जी वाचली ती बहुतेक एकाच कारणाने वाचली : लग्नाच्या कॅसेटची एक प्रत सासरी जाते. गावातली प्रत ढिगाऱ्यात गेली. लेकीबरोबर निलंग्याला, सोलापूरला, पुण्याला गेलेली प्रत राहिली. म्हणून जुन्या किल्लारीचे जे काही हलते चित्र आज सापडते, ते गावाबाहेर दिलेल्या मुलींच्या कपाटात सापडते. सुनांनी आणलेल्या कॅसेटीत त्यांच्या माहेरची गावे आहेत. गेल्या वीस वर्षांत माझ्या हातून अशा नऊ कॅसेटी गेल्या. लेखाचा आधार या नऊच आहेत, त्यामुळे यातली विधाने साऱ्या मराठवाड्याला लागू करण्याचा माझा आग्रह नाही.

*

त्या काळी लग्नाचे शूटिंग म्हणजे खांद्यावर घ्यायचा मोठा पॅनासॉनिक कॅमेरा, सोबत हॅलोजनचा दिवा आणि तो दिवा धरून वायरीत पाय अडकवून घेणारा एक मुलगा. कॅमेऱ्यात पूर्ण आकाराची व्हीएचएस कॅसेट बसायची. शूटिंग झाले की ‘कच्ची’ कॅसेट शहरात मिक्सिंगला जायची. तिथे टायटल पडायचे, चित्रावर चित्र चढायचे, बदामाच्या आकारात नवरा-नवरी यायची. किल्लारीच्या उन्हात उभ्या असलेल्या माझ्या दाजींच्या मागे मिक्सिंगवाल्याने बर्फाचे डोंगर ठेवले आहेत. आम्ही तेव्हा हसलो नव्हतो. भारी वाटले होते.

मिक्सिंगमध्ये चित्राला नवे अलंकार मिळत आणि आवाज जाई. हळदीवर एक सिनेमागाणे, वरातीवर दुसरे, पाठवणीवर ठरलेले तिसरे. खाली बायका काय बोलत होत्या, कोण कुणाला हाक मारत होते, ते सगळे पुसले जाई. ‘पक्की’ कॅसेट तयार झाली की कच्चीवर पुढच्या लग्नाचे शूटिंग होई, कारण कोरी कॅसेट महाग. म्हणजे आपण जिला मूळ कॅसेट म्हणतो ती मुळातच दुसरी प्रत असते. पहिला लिपिकार मिक्सिंगवाला, दुसरा मी.

या पक्क्या कॅसेटीत एकच भाग असा असे की ज्यावर गाणे टाकत नसत. तो आहेराचा. लोक एकेक करून मांडवात पुढे येत, शाळेतले एक गुरुजी माइकवरून नाव पुकारत : अमक्या गल्लीचे अमके यांच्याकडून नवरदेवास टॉवेल-टोपी, अमक्या गावच्या पाव्हण्यांकडून नवरीस साडी, रोख एकवीस रुपये. नाव ऐकू आलेच पाहिजे, ही दोन्हीकडच्या मंडळींची अट. म्हणून मिक्सिंगवाला तिथे हात लावत नसे. कॅमेरा एका जागी उभा. चेहरा येतो, नाव येते, वस्तू दिली जाते, चेहरा जातो. पाहणाऱ्याला याहून कंटाळवाणे दुसरे काही नाही.

मी कापली ती हीच अडतीस मिनिटे.

*

का कापली, याचे उत्तर तांत्रिक आहे आणि ते थोडे तपशिलाने सांगायला हवे, कारण ‘तंत्राने कापायला लावले’ असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत होतो.

२००६ साली माझ्याकडे एक जुना व्हीसीआर, दुसऱ्या हाताचा डिजिटल-एट कॅमेरा आणि ८० जीबी हार्डडिस्कचा पीसी होता. व्हीसीआरमधून पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना कॅमेऱ्यात, कॅमेऱ्यातून फायरवायरने पीसीत. कॅमेरा मधल्या मध्ये चित्राचे आकडे करून द्यायचा. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागे. सुरुवातीला हार्डडिस्क जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, त्यामुळे ४ जीबी झाले की फाइल थांबायची, म्हणजे दर अठरा-एकोणीस मिनिटांनी पंगतीतून वाढपी उठावा तसे उठावे लागे. त्यात तासन्‌तास भारनियमन. काम रात्रीच करायचे. आणि या कामाला घाई करता येत नाही : तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. फिती पळवून नक्कल होत नाही. समोर बसून ती पाहावीच लागते.

डीव्हीडीवर जागा ४.७ जीबी. एका तासाचे चित्र तीवर उत्तम बसते, दोन तासांचे बरे, तीन तासांचे कामचलाऊ. डीव्हीडीसाठी चित्र एमपेग-२ या पद्धतीने आवळावे लागते. ही पद्धत हिशेबी आहे. एका चौकटीतून दुसरीत जे बदलत नाही त्यावर ती जागा खर्चत नाही. जे बदलते तेवढेच नव्याने लिहिते. लग्नाचा फोटोसारखा स्थिर, लख्ख प्रकाशातला प्रसंग तिला स्वस्त पडतो. अंधारातले चित्र महाग पडते, कारण व्हीएचएसच्या अंधारात सतत दाणे उडत असतात आणि पद्धतीला प्रत्येक दाणा हालचाल वाटतो. जागा अपुरी पडली की पहिल्यांदा चौकोन पडतात ते अशा अंधाऱ्या भागात. म्हणजे नवरीचा शालू टिकतो आणि तिच्यामागची भिंत मोडते.

हिशेब असा होता. पूर्ण कॅसेट एका डिस्कवर बसवली तर सेकंदाला चार मेगाबिट मिळत होते. आहेर कापला तर पाचाच्या थोडे वर. चित्र तेवढे स्वच्छ. शिवाय दोन तासांच्या आत सगळे आटोपते आणि अक्काला मधेच उठून डिस्क बदलावी लागत नाही. दुसरी कोरी डिस्क वीस-पंचवीस रुपयांना मिळत होती. हा आकडा मला नको इतका लक्षात राहिला आहे.

डिस्क तयार झाल्यावर हार्डडिस्कवरची ३४ जीबीची फाइल पुसली, कारण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचे काम होते. कॅसेटीला एका टोकाला पांढरी बुरशी धरली होती. ‘आता डीव्हीडी झालीच आहे’ म्हणून ती इतर रद्दीबरोबर मी भंगारात दिली. कुणी सांगितले नव्हते. अक्काला विचारलेही नव्हते.

*

पोथ्यांचा अभ्यास सुरू झाल्यावर मला माझ्या धंद्याची लाज वाटू लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जुन्या पोथीच्या शेवटी लिपिकार बहुधा सांगतो की, जसे समोर पाहिले तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. यात नम्रता आहे तशी व्यावसायिक शपथही आहे. नक्कल करणाऱ्याने आपल्या आवडीनिवडीने मजकूर गाळू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही अनेक प्रती जमवून, ताडून. आणि तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये असे बजावून. मी डीव्हीडीवर ‘पूर्ण’ लिहिले, तेव्हा एकही प्रत ताडली नव्हती आणि होती ती एकमेव प्रत भंगारात घातली होती.

कॅसेटीचे जीर्ण होणे पोथीसारखे असते, डीव्हीडीचे तसे नसते. कसर लागलेल्या पानात छिद्रांच्या मधली अक्षरे वाचता येतात. जुन्या कॅसेटीत चित्र वाकते, पांढऱ्या रेघा पळतात, रंग ओघळतात, तरी माणूस ओळखू येतो. घरी जाळलेली डीव्हीडी मात्र एक दिवस फिरते, थांबते आणि पुढे काहीच देत नाही. ‘कायमस्वरूपी’ म्हणून मी २००६-०७ मध्ये दिलेल्या डिस्कांपैकी काही माझ्याकडे परत आल्या त्या अशाच. वर चिकटवलेली कागदी लेबले, स्वस्त डिस्क, जास्त वेगाने केलेले लेखन, कारणे अनेक. त्यांच्या मूळ कॅसेटी अजून घरात असतील तर बरे, असे मी विचारायचो. बहुतेकांचे उत्तर माझ्यासारखेच होते.

आणखी एक गोष्ट, जी टीव्हीवर कधीच कळली नसती. जुना टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या झाकून दाखवायचा. पीसीवर चित्र काठापर्यंत दिसते. खालच्या काठाला व्हीसीआरच्या हेडमुळे येणारी एक वेडीवाकडी पट्टी असते; ती घाण दिसते म्हणून आम्ही सगळेच ती कापायचो, आणि समतोल राहावा म्हणून इतर तीन बाजूही. पण काठावर जे असते ते शूटिंगवाल्याने मुद्दाम टिपलेले नसते. एका कॅसेटीत डाव्या काठाला, टीव्हीवर झाकल्या जाणाऱ्या पट्टीत, उंबऱ्यावर बसलेली एक म्हातारी पूर्ण बारा मिनिटे आहे. कॅमेरा नवरदेवावर आहे. ती तांदूळ निवडते आहे. त्या घरच्यांनी टीव्हीवर ती कॅसेट अनेकदा पाहिली होती आणि आपली आजी तीत आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

*

या सगळ्या कॅसेटींत मला श्रेष्ठ वाटते ती लग्नाची नाही. एका घरातला माणूस आखातात नोकरीला होता. त्याने १९९३ च्या उन्हाळ्यात घरी हँडीकॅम आणला होता, आठ मिलिमीटर फितीचा. सुट्टी संपल्यावर कॅमेरा परत गेला. फीत मागे राहिली आणि पुढे लातूरच्या नातेवाइकाकडे आली. व्हीसीआरमध्ये ती बसत नाही. काही डिजिटल-एट कॅमेरे ती जुनी फीत वाचतात, सगळे नव्हेत. माझा वाचत होता.

ही फीत पंधरा वर्षांच्या एका मुलाने काढली आहे. त्याला विषय असा नाही. तो घरातून निघतो, गल्लीने चालतो, पारापाशी जातो, परत येतो. बैल दाखवतो. शेजारच्या माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया दाखवतो. कोपऱ्यावर वळताना चित्र इतके हलते की डोके गरगरते. पण गल्ली कशी वळायची, ते इथे आहे. किती पावले, उजव्या हाताला काय, डाव्या हाताला काय. भिंतीची जाडी दाराच्या आतल्या अंधारावरून मोजता येते. आणि सबंध फितीत त्याचा आवाज आहे : ‘काकू, इकडं बघा की. बोला काहीतरी.’ काकू पदर तोंडाला लावून आत पळतात.

तो मुलगा ३० सप्टेंबरला गेला. फितीत तो कुठेच दिसत नाही. एकदा, दुपार कलताना, त्याची सावली पुढच्या भिंतीवर पडते.

घरच्यांनी माझ्याकडे येण्याआधी ही फीत दुसऱ्या एका ठिकाणी डीव्हीडीवर करून घेतली होती. करून देणाऱ्याने मनापासून काम केले होते. हललेले भाग काढले, उरलेल्या चित्रांना हळुवार जोड दिले आणि खाली बासरीचे संगीत घातले. स्वच्छ, सुंदर, श्रद्धांजलीसारखी डीव्हीडी. तिच्यात मुलगा राहिला नव्हता. हलणारे चित्र हीच त्याची चाल होती आणि आवाज तेवढाच त्याचा पुरावा. सुदैवाने या घराने फीत टाकली नव्हती. मी ती जशीच्या तशी उतरवली, सुरुवातीची निळी चौकट आणि शेवटची रिकामी चार मिनिटे यांसह. आईने पुढे फार वेळ ती पाहिली नाही. एकदा ऐकली, टीव्हीकडे पाठ करून.

इथे एक प्रामाणिक अडचण सांगायला हवी. ‘काहीही कापू नका’ हा अभ्यासकाचा नियम झाला. चित्र अभ्यासकाचे नसते. दुसऱ्या एका लग्नाच्या कॅसेटीत वरातीत नाचणारा एक तरुण आहे. त्याची बायको माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘भाऊ, तेवढं काढून टाका. लेकरं बघतेत अन् मग जेवत नाहीत.’ मी काढले. तिच्या डीव्हीडीत तो भाग नाही. मूळ फाइल मात्र मी न पुसता ठेवली आणि हे तिला सांगितले नाही. बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. लेकरे मोठी झाली आहेत. उद्या त्यांनी विचारले तर दाखवता येईल, हा माझा बचाव. तो तिच्यापुढे मांडण्याचे धैर्य नाही, हेही खरे.

पक्क्या कॅसेटीवरच्या तारखांबद्दलही थोडे. कॅमेऱ्याच्या आतली घड्याळाची बॅटरी संपली की कोपऱ्यात कुठलीही तारीख उमटते. एका कच्च्या तुकड्यावर १९९० सालचा जानेवारी आहे आणि बँडवाले वाजवत आहेत ते ‘साजन’ चित्रपटातले गाणे. ‘साजन’ आला १९९१ च्या उत्तरार्धात. म्हणजे पोथीवरचा शक चुकीचा. अशी अंतर्गत साक्ष काढायची तर मूळ आवाज हवा. सनईच्या कॅसेटखाली बँड गाडला गेला असता तर लग्नाचे साल कधीच लागले नसते.

*

२०१९ साली एका जुन्या शूटिंगवाल्याच्या मुलाने घर पाडताना माळ्यावरची पत्र्याची पेटी मला बोलावून दाखवली. तीत एक कॅसेट अशी होती की तिचे पुढचे झाकण तुटले होते. त्यामुळे ती पुन्हा वापरता आली नव्हती. लेबलावर फक्त ‘किल्लारी हळद’ लिहिलेले. झाकण दुसऱ्या कॅसेटीचे बसवले, फीत हाताने एकदा पुढे-मागे फिरवली, हेड स्पिरिटने पुसले. हळद अक्काची निघाली.

आता माझ्यापुढे एकाच प्रसंगाच्या दोन प्रती होत्या : कच्ची कॅसेट आणि, मिक्सिंगमधून व माझ्या हातातून गेलेली, डीव्हीडी. ताडून पाहिल्या. डीव्हीडीत हळद अकरा मिनिटांची, एका गाण्यात बसवलेली. कच्चीत ती चाळीस मिनिटांवर आहे. डीव्हीडीत ढेळजेची मागची भिंत म्हणजे करडे चौकोन. कच्चीत तिच्यावरचा पोतेरा दिसतो, दिवळीतल्या चिमणीची काजळी दिसते, वरच्या तुळईचे टोक दिसते. आणि कोपऱ्यात, बसलेल्या बायकांच्या डोक्याच्या वर, भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आलेली दिसते. आमच्याकडच्या भिंती दगड-मातीच्या, काही ठिकाणी चार-पाच फूट जाड. आतली आणि बाहेरची अशी दोन तोंडे, मधे भर, आणि दोन्ही तोंडे सांधणारा आरपार दगड बहुधा नसायचाच. वर माळवद, ज्यावर दर पावसाळ्याआधी मातीचा आणखी थर पडायचा. अशा भिंतींची दोन तोंडे सुटून कोसळली, हे नंतर भूकंप-अभ्यासकांनी लिहिले आहे. मी इंजिनिअर नाही. कदाचित तो फुगवटा दिव्याच्या तिरप्या उजेडाचा भास असेल. पण डीव्हीडीत तो प्रश्न विचारण्याइतकेही चित्र उरलेले नाही.

कच्चीत आईचा आवाज आहे. ती पराती मोजते आहे आणि मोजताना दोनदा चुकते.

ही कॅसेट हळदीचीच होती. लग्नाच्या दिवसाची, आहेराची कच्ची कॅसेट त्या पेटीत नव्हती. शूटिंगवाला हयात नाही. आहेराची वही अण्णांच्या ट्रंकेत होती, ती १९९३ लाच गेली.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरी २००३ च्या जानेवारीतल्या आगीत तिथल्या नायट्रेट फिल्मा जळाल्या. संस्थेच्या छपराखालीही असे होते. लग्नाच्या कॅसेटींना छप्पर घरचेच. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानची फुनाई २०१६ मध्ये थांबली. लातुरात चालू स्थितीतले व्हीसीआर आता मोजके, आणि त्यांचे सुटे भाग एकमेकांतूनच काढावे लागतात. ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत त्यांनी डीव्हीडी असली तरी कॅसेट टाकू नये, उभी ठेवावी, ओलीपासून जपावी, आणि उतरवून घेताना मूळ मोठी फाइल मागून घ्यावी. एवढे सांगण्याचा अधिकार मला चुकीमुळे का होईना मिळाला आहे.

*

लीळाचरित्राच्या मूळ पोथ्या धाडीत गेल्या आणि पुढे लोकांच्या आठवणीतून तो ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, ही हकीकत मराठी वाचकाला माहीत आहे. त्या पोथ्यांत आठवण जिथे वेगळी पडते तिथे ती कुणाची हे नोंदवलेले असते. त्याला ‘वासना’ म्हणतात. अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी. एक खरी ठरवून बाकीच्या पुसलेल्या नाहीत.

२०२० च्या टाळेबंदीत अक्का, दाजी आणि मी, तिघांनी फोनवरून आहेराची यादी लिहायला घेतली. क्रमाने नव्हे, गल्लीने. एक घर धरायचे, मग शेजारचे. आतापर्यंत ८७ नावे झाली. वस्तू मिळाली ती चाळीसेक नावांपुढे. प्रत्येक नावापुढे तीन रकाने आहेत : अक्का, दाजी, मी. दाजींना त्यांच्या बाजूचे सगळे आठवते आणि किल्लारीचे फार थोडे. अक्काला वस्तू आठवतात. ‘तांब्या त्यानंच दिला. कडेला पोचा होता, आई म्हणली होती.’ बाकी सांगायला माणसे उरली नाहीत, नव्वदीतल्या एक काकू सोडल्या तर. त्यांना नावे पाठ आहेत, पण लग्न अक्काचे की दुसऱ्या कुणाचे याची त्या मिसळ करतात. त्यांच्यासाठी चौथा रकाना केला आहे.

सर्वात मोठा वाद थोरल्या आत्याचा आहे. अक्का म्हणते, आत्या मांडवात पुढे आली, गुरुजींनी नाव पुकारले, तिने खण दिला आणि माइकजवळ वाकून काहीतरी बोलली, त्यावर सगळे हसले. दाजी म्हणतात, आत्या आहेराला आलीच नव्हती, ती आत रुखवतापाशी बसून होती. हे सांगू शकणारा तिसरा साक्षीदार मी. कॅसेट उतरवताना ती अडतीस मिनिटे मी एकदा पाहिली, आणि कुठून कुठवर कापायची हे ठरवताना पुन्हा एकदा. रात्रीची वेळ होती, पंखा बंद होता, मी घड्याळाकडे पाहत होतो.

माझा रकाना कोरा आहे.